गाळ उपसण्याआधी वही उघडा

प्रश्न असा आला आहे: "नागपुरात आमची वारसा-जतनाची छोटी संस्था आहे. गेल्या नऊ वर्षांत जिल्ह्यातल्या पायविहिरी, वीरगळ, जुनी देवळं आणि शिलावर्तुळं यांच्या नोंदी घेतल्या, दोन ठिकाणी दुरुस्तीही केली. हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो पडून आहेत. मदत देणारे आता विचारतात, तुमचं संशोधन कुठे आहे? मोठा सचित्र ग्रंथ काढावा, की एखाद्या जर्नलमध्ये निबंध द्यावा? दिवाळीनंतर एका गावातल्या बावडीचा गाळ काढायला घेणार आहोत. त्यातून काही संशोधन निघू शकेल का?"

बावडीचा, म्हणजे पायविहिरीचा, प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारला आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्याच्याकडे सावकाश येते. आधी हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगते.

ज्यांच्या नावाचं आपल्याकडे कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक म्हणून नागपुरात आले, पण त्यांचं निम्मं लक्ष दगडांत आणि जीवाश्मांत असे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती मांडलेली दगडांची कडी, पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. मागे कागदांचा ढीग राहिला. मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांनी तो चाळला आणि १८६६ साली छापला. गोंडांच्या लिंगोची कथा त्यामुळे वाचली. टाकळघाटला हिस्लॉप यांनी त्या दिवशी काय पाहिलं, त्यांच्या मनात काय आलं, ते मात्र ओढ्याबरोबर गेलं. त्यानंतर टाकळघाटची शास्त्रशुद्ध हकिगत मिळायला शंभरावर वर्षं लागली. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं आणि १९७० साली अहवाल हातात दिला.

त्या काळातल्या तारखा एकदा ओळीने वाचून बघा. पवनारचं उत्खनन १९६७, अहवाल १९६८. टाकळघाट-खापा १९६८-६९, अहवाल १९७०. पौनी १९६९-७०, अहवाल १९७२. माहूरझरी १९७०-७२, अहवाल १९७३. ना संगणक, ना ड्रोन. हाताने काढलेली खापरांची चित्रं, टाइपरायटर आणि छापखान्याच्या खेपा. तरी फावडं ठेवल्यापासून एक ते तीन वर्षांत पुस्तक बाहेर. ही पुस्तकं दिसायला साधी आहेत, कागदही बेताचा. पण विदर्भाच्या महापाषाणीय काळावर, म्हणजे ही शिलावर्तुळं उभारणाऱ्यांच्या काळावर, लिहायला बसलेला माणूस, मग तो पुण्याचा असो की परदेशातला, त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही. तुमच्या मदत देणाऱ्यांना "संशोधन कुठे आहे" याचं उत्तर द्यायचं असेल तर हा नमुना डोळ्यांसमोर ठेवा, दिवाळीला भेट द्यायचा जाडजूड ग्रंथ नको.

ग्रंथाला माझा विरोध नाही. मी स्वतः दोन ग्रंथांच्या संपादनात अडकले आहे आणि दोन्ही वेळा असंच झालं: तीन वर्षं कागद, छपाई आणि प्रस्तावना कोणाची यात गेली, आणि मजकूर उरलेल्या वेळात झाला. फोटो सुंदर होते. मापं कुठेच नव्हती.

आता तुमच्या संस्थेची खरी ताकद कशात आहे ते बोलू. विद्यापीठाचा प्राध्यापक देवळाकडे बाहेरून पाहतो. त्याला गिलावा उतरवायची परवानगी नसते, पाया उघडायची नसते, छतावरचा थर काढायची तर नसतेच. दुरुस्ती करणारा माणूस मात्र रोज हे सगळं करतो. भिंतीच्या पोटात काय आहे ते फक्त त्याला दिसतं, तेही एकदाच, कारण संध्याकाळी तो ते परत बुजवतो.

रामटेकच्या गडावरचं केवल नरसिंहाचं देऊळ तुम्हाला माहीत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुरुस्ती चालू असताना भिंतीवरचा गिलावा काढला आणि खाली वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातला शिलालेख निघाला. लेख झिजलेला आहे, ओळी तुटलेल्या आहेत, तरी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याचा इतिहास त्याने बदलला. त्यावर पुढे देशात आणि परदेशात निबंध लिहिले गेले, वाचनावर वाद झाले, आजही होतात. हा शोध कोणी लेखाच्या शोधात फिरताना लागला नाही, दुरुस्तीच्या कामात लागला. गिलावा काढणाऱ्यांनी हात थांबवला आणि जाणत्यांना बोलावलं म्हणून लागला.

उलट बाजूही सांगते, आणि ही माझी स्वतःची आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या दुरुस्तीवर मी देखरेख करत होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर चुन्याच्या सफेदीचे कितीतरी थर चढलेले होते. मी दोन दिवस अमरावतीला गेले. परत आले तर कारागिराने भिंत घासून चकचकीत केलेली. "म्याडम, पोपडे लय होते, काढून टाकले." कोपऱ्यात, कडीपाटाच्या खाली, तळहाताएवढा तुकडा राहिला होता. त्यात हिरवी वेल आणि तांबडी किनार दिसत होती. बाकीची भिंत कशी होती ते आता कोणीच सांगू शकत नाही. चूक कारागिराची नव्हती. थर मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामावर पहिला नियम आहे: कोणत्याही भिंतीवर एक वितीचा चौकोन आधी पायऱ्या-पायऱ्यांनी उघडायचा. वरचा थर, त्याखालचा, त्याखालचा, प्रत्येकाची एक पट्टी राखायची, फोटो घ्यायचा, रंग लिहायचा. अर्ध्या दिवसाचं काम असतं. आणि तो चौकोन, शक्य असेल तिथे, दुरुस्तीनंतरही तसाच ठेवायचा.

तुम्ही दोन ठिकाणी दुरुस्ती केली म्हणता. मग मला फोटोंआधी हे सांगा: चुना कुठून आणला? कळीचा (शुद्ध चुनखडीचा) होता की कंकराचा (मातीत मिळणाऱ्या चुनखड्यांचा)? किती दिवस भिजवला? वाळू किती, सुरखी (विटांची पूड) किती, गूळ-बेल घातलं का, कोणत्या महिन्यात गिलावा केला, पहिली भेग कधी दिसली? हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे एक चांगला निबंध जवळजवळ तयार आहे. कंकराच्या चुन्यात मातीचा अंश असल्याने तो ओल्या जागीही घट्ट होतो. कळीच्या चुन्याला हवा लागते, वेळ लागतो. विदर्भातल्या उन्हात गिलावा भराभर वाळतो आणि फाटतो, गोणपाट किती दिवस ओलं ठेवावं लागलं हे आकड्यांत सांगणारं लिखाण मराठीत फार थोडं आहे. पंचवीस ओळींची कामाची टिपणी का असेना, पण आकडे हवेत.

जुन्या चुन्याचा नमुना तपासायचा असेल तर पृष्ठभागावरचा खरवडू नका, दरजेच्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्याच्या, आतला घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तो विरघळवून उरलेली वाळू धुऊन, वाळवून, वजन केलं की चुना-वाळूचं ढोबळ प्रमाण कळतं. ढोबळच म्हणायचं, कारण आपल्याकडे वाळूत कंकराचे खडे मिसळलेले असतात आणि आम्ल त्यांनाही खातं. मग चुना होता त्याहून जास्त दिसतो. ही अडचण अहवालात लिहायला लाजू नका. वाचणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो तो अशा ओळींमुळेच.

आता ते अकरा हजार फोटो. खरं बोलायचं तर त्यातले नऊ हजार बहुधा निरुपयोगी असतील. माझेही होते. २००३ सालचे माझे वीरगळांचे फोटो आज बघते तर सुरेख उजेड, सुरेख चौकट, पण शेजारी ना मापपट्टी, ना उत्तरेची खूण, आणि फोल्डरचं नाव "रविवार सहल". तीन वीरगळ कोणत्या गावचे ते आजतागायत लागलेलं नाही.

फोटोंपासून सुरुवात करू नका, जागेपासून करा. एका जागेला एक कार्ड. त्यावर गावाचं महसुली नाव, तालुका, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, कोणत्या दिवशी गेलो, कोण होतं, काय दिसलं, मापं, आज अवस्था काय, आणि मग त्या जागेचे जास्तीत जास्त सहा फोटो. नागपूर जिल्ह्यात एकाच नावाची गावं पुष्कळ. त्यात "रिठी" वेगळीच. महसुली कागदावर गाव आहे, पण वस्ती केव्हाच उठली. तुम्ही गावांच्या यादीवरून फिरलात तर या रिठ्या हमखास सुटतात, आणि जुनी पांढरी माती, खापरं, विटा नेमक्या तिथेच असतात. तलाठ्याच्या नकाशावरून त्या हुडकून काढा. नऊ वर्षांत तुम्ही एकाही रिठीवर गेला नसाल तर यंदाचा हिवाळा त्यासाठी राखून ठेवा.

मोबाइलवरच्या जीपीएसबद्दल एक सावधगिरी. तो पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो. देवळाला त्याने काही बिघडत नाही. पण काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीसारख्या ठिकाणी वर्तुळाला वर्तुळ लागून आहे, एकेक साधारण दहा-पंधरा मीटर व्यासाचं. तिथे दहा मीटरची चूक म्हणजे तुमची नोंद शेजारच्या वर्तुळाला चिकटली. अशा ठिकाणी एक पक्की खूण धरून टेपने अंतरं घ्या आणि हाताने कच्चा नकाशा काढा. जुनापाणीला रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १९ व्या शतकात उकराउकर केली, पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे तीन वर्तुळं खणली. ती नेमकी कोणती हे आज जागेवर उभं राहून ओळखायचं म्हटलं की नकाशाची किंमत कळते.

तिथल्या दगडांवरचे उखळीसारखे खळगे पाहून वेधशाळा, पंचांग वगैरे कल्पना सुचतात. सुचू द्या. पण आधी खळगे मोजा, कोणत्या दगडावर किती, दगड वर्तुळाच्या कोणत्या अंगाला, आणि दगड मुळच्या जागी आहे की शेतकऱ्याने सरकवलेला, ते लिहा. एका गावात म्हाताऱ्या बाबाजींनी मला सांगितलं होतं, "हे गोटे गवळ्याइचे हाय. आमचा बुढा सांगे." मी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढे कळलं की ही वर्तुळं गवळी राजांची आहेत ही समजूत इंग्रजांच्या काळातल्या नोंदींतही आहे. म्हणजे दीडशे वर्षं टिकलेली लोकस्मृती माझ्यासमोर बसली होती आणि मी वही बंद केली होती. लोक काय म्हणतात तेही कार्डावर लिहा, त्यांच्याच बोलीत. फक्त ते वेगळ्या रकान्यात.

रकाने वेगळे ठेवण्यावर मी इतका जोर देते त्याचं कारण मिराशी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आपल्या मॉरिस कॉलेजात शिकवत. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. प्रत्येक ताम्रपटाचं वाचन, ठशाचं छायाचित्र, मापं, कुठे सापडला, आणि मग त्यांचं मत. वाकाटक राजा प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचं पवनार, असं त्यांचं मत होतं. पुढे, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, रामटेकजवळच्या मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केलं. ते एका स्मारक संस्थेमार्फत झालं, ही गोष्ट तुमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी. हिडिंबा टेकडीवर विटांचं भव्य देवस्थान उघडं पडलं आणि अनेक अभ्यासक प्रवरपूर मनसरला शोधू लागले. गंमत अशी, की मिराशींच्या विरुद्ध लिहिणारेही मिराशींच्याच वाचनाच्या आधाराने लिहितात. त्यांचं स्थळनिर्णयाचं मत वादात सापडलं तरी त्यांची नोंद जागची हलली नाही, कारण त्यांनी दोन्ही एकत्र कालवलं नव्हतं.

माझ्याकडून एकदा ही कालवाकालव झाली. एका टेकाडावर मोठाल्या विटा दिसल्या आणि मी वार्ताहराला उत्साहाने "सातवाहनकालीन" म्हणून मोकळी झाले. मथळा छापून आला. मोठ्या विटा विदर्भात सातवाहन काळातही मिळतात आणि वाकाटक काळातही, नुसत्या आकारावरून काळ ठरत नाही, हे मला माहीत होतं, तरी बोलले. खापरं तपासली तेव्हा वाकाटक काळच जास्त जुळत होता. तो मथळा अजून गावच्या ग्रामपंचायतीत चौकटीत लावलेला आहे. मी गेले की सरपंच चहा पाजून तो दाखवतात.

अशीच दुसरी खोड म्हणजे "हेमाडपंती". काळ्या दगडाचं, चुन्यावाचून रचलेलं देऊळ दिसलं की कार्डावर हेमाडपंती लिहून पुढे जायचं. हेमाद्री हा १३ व्या शतकातला, यादवांचा मंत्री. चुन्यावाचून दगड रचायची रीत त्याच्या आधीपासून चालत आलेली आहे. "कोरडी रचना, बेसाल्ट, तारकाकृती तलविन्यास (म्हणजे ताऱ्यासारखा पायाचा आराखडा), शिखर पडलेलं" एवढं लिहा. काळ दुसरा कोणी ठरवील. दगड लिहिताना मात्र चुकू नका. नागपूर भूगर्भाच्या सीमेवर बसलेलं आहे. पश्चिमेकडे काळा बेसाल्ट, आणि कामठीच्या बाजूचा वालुकाश्म वेगळाच. देवळाचा दगड त्या गावचा आहे की गाड्या भरून आणलेला, हे तुमच्या कार्डावरून कळलं तर तोच एका निबंधाचा विषय होतो.

आणि नुसत्या मूर्ती टिपत बसू नका. स्वयंसेवक मूर्तीपाशी वीस फोटो काढतात आणि पायाखालच्या, लोखंड गाळताना उरलेल्या मळावरून चालत जातात. नायकुंडचं नाव झालं ते लोखंड गाळायच्या भट्टीमुळे. नगरधनच्या उत्खननातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे प्रभावतीगुप्तेच्या नावाचा, शंखाचं चिन्ह असलेला, मातीचा चिमुकला शिक्का. चाळणी न लावणाऱ्याच्या हाती तो लागलाच नसता. माहूरझरीला पावसानंतर शेतात मणी वर येतात. ते उचलून शाळेच्या प्रदर्शनात ठेवणं म्हणजे सेवा नव्हे. मणी जिथे होता ती जागा गेली की मणी म्हणजे नुसता रंगीत खडा. फोटो घ्या, जागा लिहा, मणी तिथेच राहू द्या.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि त्याची मला काळजी वाटली. पाहणी करता येते, खणता येत नाही. उत्खननाला पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, मग जमीन कोणाचीही असो. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हा प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित पट्टा असतो, तिथे ओटा बांधायचा असला तरी आधी विचारा. जमिनीत गाडलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि ड्रोन नागपुरात उडवण्याआधी नकाशा बघा, विमानतळ आणि हवाई दलाचा तळ डोक्यावर आहे.

कुठे छापावं याचं उत्तर सोपं आहे, पण क्रम उलटा धरा. आधी जुन्या याद्या चाळा: कझिन्स यांची १८९७ ची मध्य प्रांत-वऱ्हाडच्या प्राचीन अवशेषांची यादी, रायबहादूर हिरालाल यांची शिलालेखांची सूची (१९१६, वाढवलेली आवृत्ती १९३२), १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाचा १९५३-५४ पासून निघणारा वार्षिक आढावा. तुमच्या दर दहा "नव्या" जागांपैकी चार-पाच तिथे आधीच असतील. वाईट वाटून घेऊ नका. १८९७ मध्ये असं होतं, आज असं आहे, मधे हे गेलं, ही तुलना कोणत्याही "नव्या शोधा"पेक्षा जास्त उपयोगाची असते. आणि ती जतन करणाऱ्या संस्थेलाच शोभते.

त्यानंतर दर कामामागे आठ-दहा पानांचा साधा अहवाल, मराठीत. तो पीडीएफ करून झेनोडो या संकेतस्थळावर चढवा. युरोपातली सर्न ही संस्था ते चालवते, पैसे पडत नाहीत, आणि अहवालाला डीओआय, म्हणजे त्याची ओळख सांगणारा कायमचा क्रमांक, मिळतो. कोणीही तो उद्धृत करू शकतो आणि तुमची संस्था उद्या बंद पडली, हार्ड डिस्क बसली, तरी तो राहतो. मदत देणाऱ्यांना दाखवायला हे क्रमांक पुरेसे आहेत. अशा चार-पाच अहवालांतून जेव्हा एक मुद्दा आपोआप वर येईल, तेव्हा इंग्रजी निबंध लिहून पुण्याच्या मॅन अँड एन्व्हायर्न्मेंटला किंवा दिल्लीच्या पुरातत्त्वला पाठवा. मराठीसाठी आपल्या विदर्भ संशोधन मंडळाचं वार्षिक आहेच. मुद्दा नसताना निबंध पाठवायची घाई करू नका, परीक्षक परत पाठवतात आणि मुलांचा हिरमोड होतो. जागेचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र उघड अहवालात देऊ नका. गाव द्या, बाकीचं राज्य पुरातत्त्व विभागाला वेगळ्या पत्राने द्या. उघड्यावरच्या मूर्तींचं आणि शिलावर्तुळांचं काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल.

लेखकांच्या नावांत गवंड्याचं नाव घाला. चुना त्याने मळला आहे. माझ्या ओळखीतल्या काही पदाधिकाऱ्यांना हे जड जातं. जाऊ द्या.

आता बावडी. दिवाळीनंतर गाळ काढू नका. पाऊस नुकताच संपलेला असतो, जमिनीतली पाण्याची पातळी वर असते. पंप लावून आतलं पाणी भरभर उपसलंत तर भिंतीमागची ओली माती आत रेटा देते आणि आतून धरायला पाणीच नसतं. चांगल्या उभ्या असलेल्या बावड्या अशा उपशात ढासळल्या आहेत. एप्रिलपर्यंत थांबा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गाळ काढणारे तुम्हाला शिव्या घालतील, तर पहाटे पाचला सुरू करून दहाला थांबा. पाणी दिवसाला थोडं थोडं उतरवा, भिंतीवर दोन-चार ठिकाणी चुन्याच्या खुणा करून रोज सकाळी भेग वाढली का पाहा. वायू तपासल्याशिवाय माणूस खाली उतरवू नका. साचलेल्या बावडीच्या तळाशी जीव घेणारे वायू असतात आणि त्यांना दर वेळी वास येतोच असं नाही.

मग गाळ. हा कचरा नाही, वरून खाली रचलेली वही आहे. वर प्लास्टिक आणि गणपतीचे रंग, त्याखाली ॲल्युमिनियमची भांडी, मग पितळ, मग मातीच्या घागरींचे तुकडे. जेसीबी लावला तर दोन तासांत सगळं ट्रॉलीत जातं आणि कोणाच्या तरी शेतात पसरतं. त्याऐवजी बावडीच्या काठावर एक पक्की खूण ठरवा, तिच्यापासून खाली मोजत अर्ध्या-अर्ध्या मीटरचे थर धरा. दर थराचा गाळ वेगळ्या ताडपत्रीवर, आणि त्यातल्या दर दहा घमेल्यांतलं एक चाळणीतून धुऊन काढा. सगळं चाळायला तुमच्याकडे माणसं नाहीत, मला माहीत आहे. दहातलं एक पुरतं, फक्त हे प्रमाण प्रत्येक थरात तेच ठेवा.

मात्र हे कागदपत्रांशिवाय करू नका. गाळ काढणं म्हणजे उत्खनन नव्हे, पण खाली जुन्या वस्तू लागणारच आहेत. आताच राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, विभागाचा माणूस येऊ शकेल असे दिवस ठरवा, आणि मूर्ती किंवा नाणी निघाली तर कोणाच्या ताब्यात जातील हे आधीच कागदावर असू द्या. निघाल्यावर ठरवायला गेलात तर देऊळ, सरपंच आणि तुमचे अध्यक्ष असे तीन दावेदार काठावर उभे राहतात. मी पाहिलं आहे.

पायऱ्या उघड्या पडू लागल्या की प्रत्येक पायरीची उंची-रुंदी घ्या, आणि दगडावर टाकीचे घाव कसे आहेत ते पाहा. पाण्याखाली राहिलेल्या दगडावर ते जसेच्या तसे असतात, वरच्या दगडावर केव्हाच झिजलेले. कोनाड्यात लेख असेल तर ब्रशने घासू नका, पीठ किंवा खडू भरून फोटो तर मुळीच घेऊ नका. संध्याकाळी बॅटरी तिरपी धरली की अक्षरं आपोआप उठून दिसतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी रामटेकला आहे. पाणी उतरवायला सुरू करण्याआधीच्या रविवारी मी येऊन जाईन. दोऱ्या, दोन चाळण्या, वीस कोरी कार्डं आणि गावातली एक अशी आजी, जिने लहानपणी त्या बावडीचं पाणी भरलं आहे, एवढं तयार ठेवा. तिच्या वेळी पाणी कितव्या पायरीपर्यंत असे, ते आपण सर्वांत आधी लिहून घेऊ.